चौदा टेबलं, अठरा टेबलं

माझा भाचा उत्तर गोव्यातल्या पेडण्यात, मोपा विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून बार अँड रेस्टॉरंट चालवतो. विमानतळावरून विमानं उडायला लागली जानेवारी २०२३ मध्ये, याचा गल्ला सुरू झाला त्यानंतर वर्षभराने. शुक्रवार ते रविवार बसायला जागा नसते. सोमवार ते गुरुवार वेटर काउंटरला टेकून मोबाईलवर क्रिकेट बघतात. शेवटी त्याने म्हापशाहून फ्लेक्स छापून आणला: ‘सोम ते गुरु, पूर्ण बिलावर २०% सूट’. महिन्याने मला फोन. “मामा, गर्दी वाढली, विक्री वाढली, पण महिनाअखेरीस हातात पैसे कमी. कोणी हात मारतोय का, बघा जरा.”

मी म्हापशात छोट्या हॉटेलांचे हिशेब लिहितो, त्यामुळे नात्यातली असली कामं माझ्याकडे फुकटात येतात. गेलो, बिलबुकं घेऊन बसलो. कोणी हात मारला नव्हता. फ्लेक्सनेच मारला होता.

त्याच्याकडे एका टेबलाचं बिल सरासरी १,००० रुपये होतं. त्यातले साधारण ४५० मालाचे: मासे, चिकन, तेल, मसाला, गॅस, दारूची खरेदी. उरले ५५०. या ५५० मधून भाडं, पगार, लाइट बिल, लायसन्स फी, फ्रिजची दुरुस्ती आणि शेवटी काही राहिलंच तर मालक. मालाचा खर्च गिऱ्हाइकाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबर जातो. भाडं आणि पगार मात्र कोणी आलं नाही तरी द्यावे लागतात.

आता २० टक्के सूट द्या. बिल झालं ८००. पण बांगडा स्वस्त झाला नाही, बिअरच्या खरेदीचा भावही तोच. मालाचे ४५० तसेच, उरले ३५०. म्हणजे गिऱ्हाइकाला वाटलं मला पाचवा भाग सुटला, मालकाच्या उरलेल्यातला गेला तिसऱ्या भागापेक्षा जास्त. सूट विक्रीतून जात नाही, उरलेल्यातून जाते. या धंद्यातल्या जवळपास सगळ्या योजनांचं गणित या एका वाक्यात येतं. आणि आमच्याकडचे अर्धे फ्लेक्स बघून वाटतं की ते कोणी कागदावर मांडलेलंच नाही.

फ्लेक्स लागायच्या आधी मंगळवारच्या एका रात्रीत सरासरी १४ टेबलं व्हायची (एकाच टेबलावर दोनदा गिऱ्हाईक बसलं की दोन धरायची). १४ गुणिले ५५०, म्हणजे ७,७०० रुपये उरायचे. सूट देऊन तेवढेच उरवायचे तर ३५० च्या हिशेबाने २२ टेबलं हवीत. आली १८. विक्री १४,००० वरून १४,४०० झाली, म्हणून भाचा खूश. उरले ६,३००. रोजचे १,४०० रुपये कमी. महिन्यात असे १६ दिवस धरले तर २२,४००, म्हणजे किचनमधल्या एका माणसाचा पगार.

मी त्याला विचारलं, या अठरांत ओळखीचे किती? तो बिलं चाळत गेला. हा दूध डेअरीवाला, हे बँकेतले, हा टॅक्सीवाला, ही धारगळची दोन कुटुंबं. चौदा जुनेच निघाले. ते सूट नसती तरी आले असते. त्यांना प्रत्येकी २०० रुपये परत दिले, एकूण २,८००. नवीन चार टेबलांनी प्रत्येकी ३५० आणले, एकूण १,४००. वजा १,४००. हिशेब जुळला तेव्हा भाच्याने चहा मागवला आणि स्वतः प्यायला विसरला.

हे कोणालाही स्वतःच्या दुकानासाठी काढता येतं. बिलातून मालाचा खर्च वजा करून शंभरात किती उरतात ते काढा. भाच्याचे ५५. त्यातून सुटीचा टक्का वजा करा: ५५ वजा २०, म्हणजे ३५. आता सुटीच्या टक्क्याला याने भागा. २० भागिले ३५ म्हणजे ०.५७, म्हणजे गिऱ्हाईक ५७ टक्क्यांनी वाढलं तरच आपण होतो तिथे राहतो, पुढे जात नाही. दहा टक्के सुटीला २२ टक्के वाढ पुरते. तीस टक्क्यांना गिऱ्हाईक दुपटीहून जास्त लागतं. पन्नास टक्क्यांना अकरा पट. चौदाची १५४ टेबलं! त्याच्या दुकानात टेबलं आहेत बारा.

उलटंही करून बघा. भाव दहा टक्के वाढवला तर बिल १,१०० आणि उरतात ६५०. चौदांपैकी दोन टेबलं रागावून गेली तरी बारा गुणिले ६५० म्हणजे ७,८००, पहिल्यापेक्षा शंभर जास्तच. भाव वाढवायला आपण घाबरतो आणि सूट द्यायला घाबरत नाही. खरं तर घाबरायचं दुसऱ्या गोष्टीला.

मग योजना काढायच्याच नाहीत का? काढायच्या, पण आधी जागा रिकामी का आहे ते विचारून. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हॉटेल व्यवस्थापन शिकवणाऱ्या शेरिल काइम्स यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस विमान कंपन्यांचं एक तत्त्व रेस्टॉरंटला लावून दाखवलं. विमानातली रिकामी सीट उड्डाण झाल्यावर विकता येत नाही, तशीच मंगळवारची संध्याकाळी सहाची खुर्ची बुधवारी विकता येत नाही. म्हणून दिवसाचा गल्ला न बघता एका खुर्चीमागे एका तासाला किती पैसे आले ते बघा. असं बघितलं की दुकानाचा नकाशाच बदलतो. शनिवारी रात्री नऊची खुर्ची सोन्याची, तिथे एक रुपयाही सोडायचं कारण नाही. मंगळवारी सहाची खुर्ची उपाशी, तिथे थोडंसं उरलं तरी चालेल. अट एकच: येणारा माणूस एरवी न येणारा असावा.

आणि रिकामेपणाचं कारण बऱ्याचदा भाव नसतंच. गोव्यात सोमवारी कित्येक हिंदू घरं शिवराक (शाकाहारी) असतात, काही गुरुवारीही. श्रावणात तर बघायलाच नको. चतुर्थीत अर्धा गाव आपापल्या मूळ घरी. ख्रिस्ती शेजारी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत मटणाला हात आखडता घेतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी, त्यामुळे तेव्हा इसवणाचा (सुरमईचा) भाव ऐकूनच माणूस ‘आज डाळच बरी’ म्हणतो. सोमवारी फिश थाळीवर वीस टक्के सूट देऊन उपास करणारा माणूस मासे खायला येणार आहे का? त्याला खतखतं (अनेक भाज्यांची आमटी) आणि नीरफणसाची कापं पाहिजेत. तीही पूर्ण भावात घेईल तो, पण मेन्यूवर असली तर!

आता हॅपी अवर्स, म्हणजे ठरावीक वेळेत स्वस्त दारू. कल्पना चांगली आहे, कारण वेळ हीच अट आहे. ज्याला पैशाची फिकीर आहे तो लवकर येतो, ज्याला नाही तो आपल्या वेळेला येतो. पण आमच्या किनाऱ्यावर मी बोर्ड बघतो: ‘हॅपी अवर्स ५ ते ७’. अरे, सूर्यास्त बघायला तर माणूस दिल्लीहून विमानाने आलाय! त्या दोन तासांत समुद्राकडच्या खुर्चीला पैसे जास्त घ्यावेत, तर तुम्ही एकावर एक फुकट देताय. किनाऱ्यावर मोकळी वेळ दुपारी तीन ते पाच. पणजीत ऑफिसं सुटतात त्या सुमाराची वेगळी. पेडण्याच्या हमरस्त्यावर आणखी वेगळी. दुसऱ्याची वेळ उचलून आपल्या बोर्डावर लिहिली की फसलो.

‘एकावर एक’चं गणित पेगवर करून दाखवतो, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे साडेबारा मोठे पेग, सांडलवंड धरून बारा. बाटली ९०० ला पडली तर पेग ७५ ला. विकायचा २०० ला. दोन पेग पिणारा माणूस एरवी ४०० देतो, उरतात २५०. एकावर एक दिलं की तो २०० देतो, उरतात ५०. म्हणजे पूर्वीच्या एका माणसाएवढं उरायला असे पाच बसवायचे. शिवाय पाच जणांचे ग्लास, बर्फ, चणे आणि भांडणं वेगळी.

यात एक गंभीर बाजूही आहे. स्वस्त दारूची वेळ संपायच्या आत माणूस भराभर पितो. म्हणूनच अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८४ मध्ये हॅपी अवर्स बंद केले आणि आयर्लंडने २००३ मध्ये. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं ‘रेंट अ बाइक’वर, अंधाऱ्या, वळणावळणाच्या रस्त्याने परत जाणारी. माझं मत सरळ आहे: फुकट द्यायचंच तर खायला द्या.

आणि त्यात धंद्याचाही फायदा आहे. २०० रुपये रोख सोडले तर तुमचे २०० जातात आणि गिऱ्हाइकालाही २०० च मिळतात. कापांची प्लेट फुकट दिली तर मेन्यूवर ती १५० ची आहे, म्हणून गिऱ्हाइकाला १५० मिळाल्याचा आनंद. तुम्हाला ती पडते ४० ला. शिवाय खारट, कुरकुरीत, त्यावर आणखी एक बिअर जाते ती जातेच. रोख सूट माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो. गरम प्लेट समोर आली ते घरी जाऊन बायकोला सांगतो.

‘अनलिमिटेड’ या शब्दापासून मात्र चार हात लांब. अमेरिकेत रेड लॉब्स्टर नावाची मोठी साखळी आहे. तिने २००३ मध्ये ‘हवे तेवढे खेकडे’ योजनेत एकदा हात पोळून घेतले. वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, २० डॉलरमध्ये हवी तेवढी कोळंबी ही योजना कायमची केली. एकाच तिमाहीत १.१ कोटी डॉलरचा तोटा आणि मे २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. दिवाळखोरीला इतरही कारणं होती, पण कोळंबीने हातभार लावला. तेवढ्या मोठ्या कंपनीला माणसाच्या पोटाचा अंदाज आला नाही, तर आपल्याला कळंगुटला बसलेल्या आठ जणांच्या बॅचलर पार्टीचा येईल?

मेन्यूकडे वळू. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये पदार्थांची चार घरांत वाटणी केली. भरपूर खपतो आणि भरपूर उरवतो तो तारा. खपतो पण थोडंच उरवतो तो नांगराचा बैल. खपत नाही पण खपला तर उरवतो ते कोडं. दोन्ही नाही तो कुत्रा. आमच्याकडचा बैल म्हणजे फिश थाळी. भात, हुमण, फ्राय, किस्मूर, तिसऱ्यांचं सुकं, भाजी, सोलकढी, लोणचं: एवढं सगळं देऊन हातात फार राहत नाही, पण दुपारी माणूस आत येतो तो तिच्यासाठीच. तिच्यावर सूट म्हणजे दमलेल्या बैलावर आणखी पोतं. तिला हात न लावता शेजारी काहीतरी ठेवा: चार कोळंब्या रवा फ्राय, छोटी प्लेट. थाळीवाल्या दहांपैकी तिघांनी जरी घेतली तरी फरक पडतो. कोड्यांसाठी फुकट चव द्या, वेटरला दोन वाक्यं शिकवा. कुत्र्याला मेन्यूतून काढा. मालकाच्या आईची रेसिपी असली तरी. (हे सांगितलं तेव्हा समोर भाचा नव्हे, त्याची आई, म्हणजे माझी ताई होती. जेवण न करताच निघालो.)

बिअरचा प्रकार वेगळा. तिचा भाव सगळ्यांना पाठ असतो, कारण वाइन शॉप पलीकडेच आहे. गिऱ्हाईक आख्खं दुकान महाग की स्वस्त ते बिअरच्या बाटलीवरून ठरवतं. काफ्रेलचा (हिरव्या मसाल्यातल्या चिकनचा) खरा भाव किती असावा हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून ज्याचा भाव लोकांना ठाऊक आहे तिथे हात सैल सोडावा आणि ज्यात आपल्या हाताची चव आहे तिथे कमवावं. जुने बारवाले कुठल्याही विद्यापीठात न जाता हेच करत आलेत.

मेन्यूत भावांचा उभा रकाना करू नका. नजर वरून खाली भावच वाचत जाते आणि सगळ्यात स्वस्तावर थांबते. भाव पदार्थाच्या वर्णनाशेवटी, साधा आकडा. २००९ मध्ये कॉर्नेलमधल्याच एका अभ्यासात डॉलरचं चिन्ह नसलेल्या मेन्यूवरून मागवणाऱ्यांनी थोडा जास्त खर्च केल्याचं आढळलं होतं. आपल्याकडे तसंच होईल याची हमी मी देत नाही, पण चिन्ह काढायला पैसे लागत नाहीत.

जेवण घरपोच देणाऱ्या ॲपवरच्या सुटीबद्दल तक्रार करणारे पुष्कळ आणि गणित मांडणारे थोडे. समजा ४०० ची डिश आहे, ८० ची सूट तुमच्या खिशातून, राहिले ३२०. त्यावर कमिशन समजा २५ टक्के, म्हणजे ८०. कमिशनवर १८ टक्के जीएसटी, चौदा रुपये. माल १८०, डबा १५. उरले तीस-एकतीस. तीच डिश टेबलावर २२० उरवते. मोकळ्या किचनला तीस रुपयेही वाईट नाहीत. पण शनिवारी रात्री टेबलावरचं गिऱ्हाईक ताटकळत असताना तव्यावर ॲपची ऑर्डर चढत असेल, तर तुम्ही २२० ना थांबवून ३० कमावताय. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरातल्या शेकडो रेस्टॉरंटांनी ॲपच्या टेबलावरच्या सवलत योजनांतून ‘लॉगआउट’ केलं ते याच वैतागातून. शनिवारी ॲप दोन तास बंद ठेवायला काय हरकत आहे?

कराचं थोडक्यात. ज्या साध्या रेस्टॉरंटना ५ टक्के जीएसटी लागतो त्यांना आपण भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. म्हणजे जाहिरातीवर, भाड्यावर, कमिशनवर भरलेला कर हा निव्वळ खर्च, तो हिशेबात धरा. दारू जीएसटीत येतच नाही, तिला व्हॅट. त्यामुळे ‘थाळी आणि बिअर ४९९’ असा बोर्ड लावला तरी बिलात दोन्ही वेगळं दिसलं पाहिजे. सूट विकतानाच बिलावर दाखवली तर जीएसटी कमी झालेल्या रकमेवर लागतो. पेनाने खाली लिहून गल्ल्यात वळती केलीत तर माझ्यासारख्याचं मार्चमध्ये डोकं उठतं. आणि एकीकडे सूट देऊन दुसरीकडे सर्व्हिस चार्ज चढवून ती वसूल करू नका. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तो सक्तीने लावायला मनाई केली आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

‘गोंयकारांना (गोवेकरांना) वेगळा दर’ ही मागणी दर सीझनला होते. मला ती पटतेही आणि नाहीही. दोन बोर्ड लावले की पर्यटक चिडतो आणि ओळखीचा नसलेला गोंयकारही. त्यापेक्षा कार्ड द्या, कोणालाही द्या: दहा जेवणांवर एक थाळी. पर्यटक दहा वेळा येणार नाही, गावचा येईल. भांडण न होता दोन दर झाले. यातही एक युक्ती आहे. अमेरिकेत न्यून्स आणि ड्रेझ या संशोधकांनी २००६ मध्ये गाडी धुण्याच्या एका दुकानातला प्रयोग छापला. काहींना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना दहा शिक्क्यांचं, पण दोन आधीच मारलेले. दोन्हीकडे आठच धुण्या बाकी. कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पुरं केलं, दोन शिक्के मारलेलं ३४ टक्क्यांनी. सुरुवात झालेली दिसली की माणसाला सोडवत नाही.

आणि ज्याला एक पैसा सूट लागत नाही ती जाहिरात सगळ्यात दुर्लक्षित. मार्च ते मे हुर्राक निघतो. काजूच्या रसाच्या दारूची पहिली धार, फेणीसारखा वर्षभर ठेवून विकायची सोय नाही. ‘हुर्राक आला’ एवढे दोन शब्द खडूने फळ्यावर लिहा, लोक थांबतात. माशांचंही तेच. दुकानात शिरणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो: “पात्रांव, आयज कितें नुस्तें आसा?” (मालक, आज मासे कुठले आहेत?) मग सकाळी अकराला बाजारातून आलेल्या चणकाचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाका, भाव त्याच दिवसाचा. छापील मेन्यूवर इसवणाचा भाव आणि त्यावर छापील सूट असली की जूनमध्ये रडायची पाळी येते. गूगल मॅपवर पावसाळ्यातली वेळ बरोबर टाका. किनाऱ्यावरचे शॅक बंद असताना ‘उघडं आहे’ हीच मोठी जाहिरात.

भाच्याने फ्लेक्स उतरवला. आता तो पाठ पुढे करून लाकडांवर टाकलाय. त्याजागी फळा आहे: मंगळवार-बुधवार, साडेसातच्या आत बसणाऱ्या टेबलाला कापांची प्लेट आमच्याकडून. गेल्या मंगळवारी सोळा टेबलं झाली, सात साडेसातच्या आत. प्लेटचे २८० वजा जाता ८,५२० उरले. फ्लेक्सच्या दिवसांत ६,३०० उरायचे, हे मी त्याला वहीत शेजारी शेजारी लिहून दाखवलं.

त्याने वही बघितली, मान हलवली. मग रस्त्याकडे तोंड करून म्हणाला, “पण मामा, अठरा टेबलं असायची ना, तेव्हा बाहेरून जागा कशी भरलेली दिसायची.”

दिसायची खरी. मी म्हटलं, रस्त्याकडची टेबलं आधी भरत जा.